सेटची फ्रिक्वेन्सी सरकते? आधी वही काढा, मग स्क्रू ड्रायव्हर

शेतीच्या पानावर वायरलेस सेटचा विषय पाहून काही वाचक बुचकळ्यात पडतील. पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. किल्लारीला भूकंप झाला, लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील गावेच्या गावे भुईसपाट झाली. त्या दिवसांत निरोप इकडून तिकडे पोहोचवण्यासाठी जे लोक धावून गेले, त्यांत हौशी रेडिओवाले, म्हणजे ज्यांना ‘हॅम’ म्हणतात ती मंडळीही होती. पुढे २६ जानेवारी २००१ ला भुजच्या भूकंपात तेच घडले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी निव्वळ हौसेखातर पोर्ट ब्लेअरला सेट लावून बसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेचा तोच सेट अंदमानातून मुख्य भूमीशी बोलण्याचे साधन झाला.

आज खिशाखिशात मोबाईल आहे. पण वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की मोबाईल म्हणजे नुसता डबा. आपल्या जिल्ह्यात प्रवरा-मुळेला पूर आला किंवा अकोल्याच्या डोंगरात धो धो पाऊस लागला, की अशी वेळ यायला फार काही लागत नाही. म्हणूनच खेड्यापाड्यातली जी पोरे केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन, लायसन काढून हा छंद जोपासतात, त्यांचे कौतुक वाटते. त्यातली कित्येक जण स्वतःच्या हाताने सेट जुळवतात. आणि त्यांची सर्वांत मोठी तक्रार एकच असते, “सेट चालतो हो, पण जागेवर थांबत नाही. फ्रिक्वेन्सी सरकते.”

या एका तक्रारीपायी चांगले सेट माळ्यावर पडतात, नको ते पार्ट विकत आणले जातात आणि पोरांचा हिरमोड होतो. वास्तविक हा दोष नव्वद टक्के वेळा घरच्या घरी सापडण्यासारखा आहे. फक्त पिकावरच्या रोगासारखा तो क्रमाने शोधावा लागतो. पान पिवळे दिसले की लगेच फवारणी करू नये, आधी मूळ बघावे, हे आपण शेतात सांगतो. इथेही तेच आहे.

सरकते म्हणजे नेमके काय?

आकाशवाणीचे अहमदनगर केंद्र आपण १०० पूर्णांक १ मेगाहर्ट्झवर ऐकत आलो. साधा रेडिओ थोडा इकडे तिकडे झाला तरी कार्यक्रम ऐकू येतो, कारण एफएमची वाट रुंद असते, सुमारे २०० किलोहर्ट्झची. शिवाय बहुतेक एफएम रेडिओत स्टेशनला आपोआप धरून ठेवणारी सोय असते. हॅम मंडळींचे तसे नाही. ते दिवसा राज्यातल्या राज्यात बोलायला बहुधा ४० मीटरचा पट्टा, म्हणजे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ वापरतात आणि त्यावर ‘सिंगल साईडबँड’ पद्धतीने बोलतात. तिची वाट असते जेमतेम अडीच ते तीन किलोहर्ट्झ. हमरस्ता आणि शेताचा बांध यात जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे.

त्यात आणखी एक अडचण. या पद्धतीत आवाज वाहून नेणारी मूळ लहर पाठवतच नाहीत. ऐकणाऱ्याच्या सेटने ती स्वतः तयार करून आवाजाला जोडायची असते. ती ५० हर्ट्झने चुकली तर बोलणाऱ्याचा आवाज जरा वेगळा वाटतो. शंभर-दीडशेने चुकली तर बदक बोलल्यासारखे वाटते. चार-पाचशेने चुकली, की माणूस मराठी बोलतोय का कानडी, तेही कळत नाही. सात मेगाहर्ट्झ म्हणजे सत्तर लाख हर्ट्झ. त्यात शे-पन्नासची चूक चालत नाही. संकटाच्या वेळी रक्ताचा गट, गावाचे नाव, माणसांचा आकडा सांगायचा असतो. तिथे ‘सतरा’ चे ‘सत्तर’ ऐकू आले तर काय होईल, ते सांगायला नको.

आधी ठरवा, दोष कोणाचा

सेट उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे सरकतोय कोण, आपण की समोरचा? रोजच्या नेटवर आठ-दहा स्टेशन असतात. त्यांतले एकच बिघडलेले ऐकू येत असेल तर दोष त्याचा. सगळेच एकाच बाजूला, सारख्याच अंतराने सरकलेले वाटत असतील तर दोष आपल्या सेटचा. याहून पक्की कसोटी हवी असेल तर वेळ सांगणारी स्टेशने पकडावीत. चीनचे बीपीएम आणि अमेरिकेचे डब्ल्यूडब्ल्यूव्ही ही १० आणि १५ मेगाहर्ट्झवर अगदी काटेकोर लहर सोडतात. ज्या सेटला ते पट्टे ऐकू येतात, त्यावर रात्री-पहाटे यांपैकी एखादे सापडते.

दुसरी गोष्ट, कारखान्यात बनलेल्या सेटवर ‘आरआयटी’ किंवा ‘क्लॅरिफायर’ नावाची कळ असते. ती दाबली की ऐकण्याची फ्रिक्वेन्सी बोलण्याच्या फ्रिक्वेन्सीपासून वेगळी होते. घरातल्या लहान पोराने ती दाबून ठेवलेली असते आणि आपण दिवसभर दोष शोधत बसतो. तेव्हा आधी ती बंद आहे ना, ते पाहावे.

वहीत नोंद ठेवा

पर्जन्यमापकाची नोंद जशी रोज सकाळी ठेवतात, तशी सेटची एक वही करावी. सेट थंड असताना चालू करावा आणि दर पाच मिनिटांनी तासभर चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, फ्रिक्वेन्सी, सेटजवळचे तापमान आणि सेटला मिळणारे व्होल्टेज. साधा थर्मामीटर आणि साधा मीटर पुरतो. फ्रिक्वेन्सी मोजायला काउंटर असेल तर उत्तम, पण तो काउंटरही अर्धा तास आधी चालू करून ठेवावा. कारण त्याच्या पोटातला क्रिस्टलसुद्धा गरम होताना थोडा सरकतो. ज्याने मापायचे ते मापच हलले तर काय मापणार?

तासाभराची ही नोंद आलेखाच्या कागदावर मांडली की रोग आपोआप बोलतो. त्याची लक्षणे साधारण अशी असतात.

पहिल्या वीस-तीस मिनिटांत एकाच दिशेने भराभर सरकून पुढे स्थिर होतो, तो सेट फक्त गरम होत आहे. हा स्वभाव आहे, आजार नाही. स्थिर न होता दिवस चढेल तसा सरकत राहतो आणि संध्याकाळी परत फिरतो, त्याला खोलीची उष्णता लागते आहे. मधूनच उडी मारतो, मग जागेवर येतो, त्याच्यात काहीतरी ढिले आहे. बोलायची कळ दाबली की सरकतो आणि सोडली की परत येतो, त्याला व्होल्टेज कमी पडते आहे किंवा त्याच्याच अँटेनाची शक्ती उलटून आत शिरते आहे. आणि शेजारच्या विहिरीवरची मोटर चालू झाली की हलतो, त्याबद्दल तर खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

उष्णता: मुख्य शत्रू

हाताने जुळवलेल्या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग म्हणजे एक कॉईल आणि काही कंडेन्सर. याला व्हीएफओ म्हणतात. तापल्यावर कॉईलची तार फुगते, गाभ्याचा गुण बदलतो, कंडेन्सरही बदलतो. हिशोब सोपा आहे. कॉईल किंवा कंडेन्सर जितक्या प्रमाणात वाढतो, त्याच्या निम्म्या प्रमाणात फ्रिक्वेन्सी घटते.

उदाहरण घ्या. बाजारात मिळणारा लाल रंगाचा लोहचूर्णाचा गोल गाभा दर अंश सेल्सिअसला दहा लाखात सुमारे ९५ भाग वाढतो. पिवळा गाभा वाढतो सुमारे ३५ भाग. व्हीएफओ ५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि आतले तापमान १० अंशांनी वाढले असे धरू. लाल गाभ्यावर फ्रिक्वेन्सी जवळजवळ २,४०० हर्ट्झने घसरेल, पिवळ्यावर सुमारे ९०० हर्ट्झने. नुसता गाभा बदलला तर निम्म्याहून अधिक दुखणे गेले. आपल्याकडे मार्च ते मे या दिवसांत पत्र्याच्या खोलीत सकाळ आणि दुपार यांत दहा काय, पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. तेव्हा पुण्या-मुंबईच्या पंख्याखालच्या खोलीत नीट चालणारा सेट आपल्याकडे का सरकतो, हे यावरून ध्यानात येईल.

कंडेन्सरचेही तसेच. दुकानात ‘सिरॅमिक द्या’ म्हटले की समोर येईल ते घेऊ नये. ज्यावर एनपीओ किंवा सीझिरोजी लिहिलेले असते तो उष्णतेला फारसा दाद देत नाही, अंशाला दहा लाखात ३० भागांच्या आतच राहतो. एक्स-सेव्हन-आर जातीचा मात्र त्याच्या तापमानाच्या कक्षेत १५ टक्क्यांपर्यंत बदलू शकतो. तो इतर ठिकाणी चांगला, व्हीएफओत नाही. बियाणे एकाच नावाच्या पोत्यात असले तरी वाण बघूनच घ्यावे लागते, त्यातलाच हा प्रकार.

कोणता पार्ट गुन्हेगार आहे हे शोधण्याची युक्तीही सोपी आहे. सेट चालू ठेवून, गरम सोल्डरिंग गनचे टोक एकेका पार्टजवळ न टेकवता क्षणभर धरावे आणि फ्रिक्वेन्सी बघावी. मग गन बाजूला ठेवून, ती पूर्ण थंड झाल्यावर, स्पिरिटचा कापूस त्याच पार्टला हलकेच लावावा. स्पिरिट उडताना पार्ट थंड होतो. ज्या पार्टला हात लावल्याबरोबर आकडा पळू लागतो, तो पकडला गेला. स्पिरिट पेट घेते, म्हणून गन आणि स्पिरिट दोन्ही एकदम टेबलावर ठेवू नयेत आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

सावेडीत आमच्या भागातला डिप्लोमा करणारा एक विद्यार्थी असाच वैतागला होता. सेट सरकतो म्हणून त्याने दोनदा कॉईल बदलली, कंडेन्सर बदलले. वही ठेवल्यावर दिसले की सरकणे कधी थांबतच नाही आणि बोलताना अधिकच वाढते. युक्ती करून पाहिली तेव्हा कॉईल निर्दोष निघाली. तिच्या शेजारी, बोटभर अंतरावर, व्होल्टेज स्थिर करणारा रेग्युलेटर बसवला होता आणि तो तव्यासारखा तापत होता. रेग्युलेटर डब्याच्या मागच्या पत्र्यावर नेऊन बसवला, व्हीएफओभोवती लहान पत्र्याची पेटी केली, आणि आठवड्याभरात तो नेटवर नीट बोलू लागला. नवीन पार्टचा खर्च शून्य.

यावरून नियम असा: तापणारे पार्ट वरच्या बाजूला आणि लांब, व्हीएफओ खाली आणि एकीकडे. व्हीएफओला पेटी हवी, ती हवेच्या झुळुकेपासून जपते. पंख्याचा वारा थेट सेटवर घेऊ नये. सेट थंड होतो हे खरे, पण वारा कमी-जास्त होईल तसा आकडा डोलत राहतो.

व्होल्टेजचा खेळ

खेड्यात दुसरे दुखणे विजेचे. तीन फेजची वेळ झाली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात आणि घरातला दिवा मंदावतो. सेटमध्ये बारा व्होल्टच्या पुढे रेग्युलेटर नसेल किंवा त्याला पुरेसे व्होल्टेज मिळत नसेल, तर फ्रिक्वेन्सी दिव्याबरोबर हलते. ज्या सेटमध्ये गँगऐवजी व्हॅरॅक्टर डायोडवर ट्यूनिंग असते, तिथे तर ट्यूनिंगच व्होल्टेजवर अवलंबून. तिथे एक मिलिव्होल्टही मोलाचा.

तपासणी अशी करावी. मीटरची एक तार अर्थला आणि दुसरी रेग्युलेटरच्या पुढच्या पायाला लावून बोलायची कळ दाबावी. पुढच्या पायाचे व्होल्टेज हलले तर रेग्युलेटर कमी पडतो. न हलता फ्रिक्वेन्सी हलली तर अँटेनाची शक्ती आत येते आहे. मग अँटेना काढून त्या जागी डमी लोड लावून पाहावा. दोष गेला तर अर्थिंग, केबल आणि पेटीची झाकणे याकडे लक्ष द्यावे.

उपाय म्हणाल तर सर्वांत सोपा बॅटरी. चांगल्या स्थितीतली बारा व्होल्टची बॅटरी चार्जरवर ठेवून त्यावरून सेट चालवावा. म्हणजे शिवारात मोटरी चालू होवोत की लाईट जावो, सेटला त्याचा पत्ता लागत नाही. आणि संकटात कामाला येणारा सेट असा बॅटरीवरच चालला पाहिजे, हेही विसरू नये.

उड्या मारणारा सेट

उडीचे कारण बहुधा यांत्रिक असते. प्लास्टिकच्या दांड्याने, लोखंडाच्या नव्हे, एकेक पार्टला हळूच टिचकी मारावी. ड्राय सोल्डर, ढिला स्क्रू, सैल गुंडाळलेली कॉईल, धूळ खाल्लेला पॉट किंवा ट्रिमर यांपैकी काहीतरी हाती लागते. कॉईलचे वेढे घट्ट गुंडाळून त्यावर पातळ वार्निशचा हात द्यावा. व्हीएफओच्या तारा जाड आणि आखूड असाव्यात. बांधावरची बाभूळ आणि लटकती वेल यांत वाऱ्यात कोण जास्त हलते, ते आपल्याला माहीत आहे.

तोलाला तोल

एवढे करूनही जो थोडा दोष उरतो, तो उलट स्वभावाचा कंडेन्सर लावून मारता येतो. एन-७५० जातीचा कंडेन्सर तापल्यावर अंशाला दहा लाखात ७५० भाग घटतो. समजा कॉईल ३५ भाग वाढते आणि एकूण कंडेन्सर १,००० पिकोफॅरॅडचा आहे. त्यातला ४७ पिकोफॅरॅडचा वाटा एन-७५० चा ठेवला तर घट होते सुमारे ३५ भागांची. वाढ आणि घट एकमेकींना खातात. अर्थात हा हिशोब कागदावरचा. प्रत्यक्षात थोडा कमी-अधिक लावून, पुन्हा वही ठेवून पाहावे. आणि हे काम सर्वांत शेवटी करावे. ढिला पार्ट तसाच ठेवून तोल साधायला जाऊ नये.

इथे एक खूण लक्षात ठेवावी. काही सेटमध्ये बारा मेगाहर्ट्झमधून व्हीएफओची फ्रिक्वेन्सी वजा होऊन सात मेगाहर्ट्झ तयार होते. अशा सेटमध्ये व्हीएफओ तापून खाली गेला की सेट मात्र वर सरकतो. दिशा बघून भलताच कंडेन्सर लावला तर दोष दुप्पट होईल.

डिजिटल आले, तरी क्रिस्टल आहेच

हैदराबादचे अशहर फरहान यांनी बिटएक्स नावाचा सेट तयार करून त्याचा नकाशा सर्वांना खुला केला. महागडे गाभे मिळत नाहीत म्हणून कॉईलसाठी चक्क नळाचे वॉशर वापरण्याची युक्ती त्यात होती. पुढे २०१६-१७ च्या सुमारास ४० मीटरचा तयार बोर्ड आला. हैदराबादेतील महिलांच्या एका गटाच्या हातांनी ते बोर्ड तयार झाले. आपल्या बचत गटांनी ध्यानात घेण्यासारखी ही गोष्ट आहे. त्या बोर्डावरचा साधा व्हीएफओ सरकतो म्हणून पुढे ‘रडुइनो’ नावाची छोटी डिजिटल पाटी त्याला जोडण्यात आली. तिच्यावरची एसआय-५३५१ ही चिप २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवरून हवी ती फ्रिक्वेन्सी बनवते.

यामुळे किलोहर्ट्झमधले सरकणे हर्ट्झमध्ये आले. तरी क्रिस्टल हा शेवटी स्फटिकच, तोही उष्णतेने थोडा हलतो. दहा लाखात दहा भाग हलला तर सात मेगाहर्ट्झवर ७० हर्ट्झचा फरक पडतो. उष्णता सांभाळणारा टीसीएक्सओ बसवला तर तो एका भागावर, म्हणजे ७ हर्ट्झवर येतो. हाच एक भाग १४५ मेगाहर्ट्झवर मात्र १४५ हर्ट्झ होतो. वर जावे तशी किंमत वाढते. अशा सेटमध्ये कायमची सारखीच चूक दिसत असेल तर ते सरकणे नव्हे, कॅलिब्रेशन राहिलेले आहे. सेट अर्धा तास तापवून, वेळेच्या स्टेशनशी जुळवून आकडा दुरुस्त करावा.

नेटवर बसताना

सेट कितीही चांगला असला तरी वापरण्याची शिस्त हवी. नेटच्या वेळेआधी अर्धा तास सेट चालू करावा. नेट चालवणारा आपल्या जागेवरून हलत नाही, बाकीच्यांनी त्याच्याशी जुळवून घ्यायचे. कोणी थोडा सरकलेला वाटला तर मुख्य बटन फिरवू नये, आरआयटी वापरावी. नाहीतर मी तुझ्यामागे, तू माझ्यामागे असे करत दोघेही पट्ट्यावरून चालत सुटतात आणि तिसऱ्याच्या बोलण्यात जाऊन पडतात. पट्ट्याच्या अगदी कडेला बसू नये. सरकून हद्दीबाहेर गेलो तर लायसनच्या अटीचा भंग होतो आणि दुसऱ्या सेवेला अडथळा येतो.

पावसाळा तोंडावर आला की आपण नांगर, पाभर, पंप तपासून ठेवतो. ज्यांच्या घरी असा सेट आहे त्यांनी त्याच आठवड्यात त्याची तासभराची नोंद घ्यावी, बॅटरी बघावी, स्क्रू आवळावेत. ज्यांच्या गावात असा एखादा पोरगा किंवा पोरगी आहे, त्यांनी तो ‘काय ते खुडबुड करत बसतो’ असे म्हणू नये. उलट ग्रामपंचायतीने आणि शाळेने त्याचे नाव लिहून ठेवावे. फोन बंद पडल्यावर कोणाला बोलवायचे, हे आधीच माहीत असलेले बरे. आणि तो बोलेल तेव्हा त्याचे शब्द पलीकडे नीट कळले पाहिजेत, म्हणून तर ही सगळी खटपट.